चाहूल खरी किती?

आपण एखाद्याच्या घरी जातो. यजमान हसून 'या, बसा' म्हणतात, चहा येतो. पण दोन मिनिटांतच जाणवते, की आपण येण्यापूर्वी या घरात काहीतरी बिनसले आहे. कोणी चकार शब्द काढलेला नसतो. मग हे कळते कसे?

यात चमत्कार काही नाही. कपबशी जरा आपटून ठेवली गेली, नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिले नाही, मुले नको तितकी शहाण्यासारखी बसली होती. हे सारे आपल्या डोळ्याकानांनी टिपलेले असते. मेंदू जुन्या अनुभवांशी त्याचा ताळा करतो आणि आपल्याला नुसते उत्तर सांगतो. मेंदूतील अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोक्याच्या खुणा ओळखण्यात पुढे असतो. म्हणून छातीत आधी धडधडते, कारण मागाहून उमगते. यंत्रमागाच्या खडखडाटात एकाच मागाचा बदललेला सूर जुन्या कारागिराला कळतो, नवख्याला सगळा गोंगाटच. हीही तीच विद्या.

पाठीमागून कोणी रोखून पाहिले की कळते, असेही पुष्कळजण सांगतात. टिचनर या मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली याचे प्रयोग केले, ते फसले. त्याचे म्हणणे असे, की अस्वस्थ होऊन आपणच मागे वळतो, त्या हालचालीने मागच्याची नजर आपल्याकडे जाते, आणि आपल्याला वाटते तो केव्हाचा पाहत होता! (चुकलेले अंदाज कोण लक्षात ठेवतो?)

तेव्हा चाहूल खरी असू शकते, पण तिचे कारण आपण मनाने जोडतो, आणि तेथेच घोटाळा होतो. भिवंडीकरांना हे वेगळे सांगायला नको. १९७० व १९८४ च्या दंगली या गावाने सोसल्या. 'आज वातावरण बरे नाही' एवढे गल्लीत सर्वांनाच जाणवते. पुढची गोष्ट अफवा रचते. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसे आणि पोलीस एकत्र बसू लागले, ऐकलेली गोष्ट समोरासमोर विचारता येऊ लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

आता घरातले पाहू. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज असेल तर काही वर्षांत कानाला इजा होते. मागाच्या खात्यात आवाज बहुधा याहून जास्त, आणि पाळी बारा तासांची. आधी जातात ते उंच सूर. म्हणजे स, श, त, फ ही अक्षरे. आवाज ऐकू येतो, शब्द लागत नाहीत. सून आणि मुलगा स्वयंपाकघरात बाजारहाटाचे बोलत असतात. म्हाताऱ्याला वाटते, माझ्याविषयीच कुजबुजतात. तो चिडतो, घरची माणसे त्याच्यासमोर बोलणे टाळतात, आणि मग संशयाला खराच आधार मिळतो! अमेरिकेत १९८१ साली झिंबार्डो यांनी काही तरुणांना संमोहनाने तात्पुरते कमी ऐकू येईल असे केले. आपल्याला ऐकू येत नाही हेच ज्यांना ठाऊक नव्हते, ते अधिक संशयी झाले.

घरातील वडीलधारे असे वागू लागले तर 'डोके फिरले' म्हणण्यापूर्वी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून श्रवणशक्ती तपासून घ्यावी. कानातला मळ काढून भागते, असेही कधी होते. तोपर्यंत समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे, ओरडू नये. कामावर असलेल्यांनी कानात बोळे घालावेत, पण कापसाचे नव्हेत. आवाज रोखणारे खास बोळे मिळतात.

कान ठीक असूनही सारे आपल्यावर पाळत ठेवतात असे आठवडेच्या आठवडे वाटत असेल, झोप उडाली असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, तेथे जायला लाजू नये. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलताही येते, मराठीतून.