आपल्या घरासमोरची भिंत



लालबहादूर शास्त्री मार्गाने मुलुंडहून कुर्ल्याकडे निघाले, की बसमधली वयस्क माणसे खिडकीतून बोट दाखवत सांगू लागतात : ही भांडुपची जीकेडब्ल्यू होती, रेल्वेच्या पलीकडे कांजूरची क्रॉम्प्टन, पुढे कुर्ल्याला कमानी आणि प्रीमियर. हा रस्ता आग्रा रोड म्हणून ओळखला जायचा, तेव्हा इथली घड्याळे भोंग्यावर लावली जात. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, अशी घराघरातली झोप आणि जेवण ठरलेले असे. विक्रोळीत गोदरेज आणि भांडुपला सिएट टिकून राहिले. पण कितीतरी फाटके कायमची बंद झाली. प्रीमियरच्या जागेवर कोहिनूर सिटी उभी राहिली. तिथे तयार झालेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निघून गेली.

कारखाने का गेले? यंत्रे जुनी झाली, मालकांनी नवे भांडवल घातले नाही, मोठ्या उद्योगांनी मुंबईबाहेर जावे असे सरकारी धोरण होते, आणि शेवटी जमिनीचा भाव मालाच्या नफ्यापेक्षा कितीतरी वाढला. जमीन विकली गेली. स्वेच्छानिवृत्तीचा धनादेश घेऊन घरी बसलेला पंचेचाळीस वर्षांचा फिटर मात्र कोणत्याच हिशेबात बसला नाही.

अशा वेळी आपल्या वस्तीचा अभिमान म्हणजे नेमके काय? या प्रश्नावर पवित्र शास्त्रातील एक पुस्तक आपल्याला मदत करते.

नहेम्या काय करतो?

नहेम्या हा शूशन येथे अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार. नोकरी सुखाची. यरुशलेमचा कोट पडला आहे आणि वेशी जळाल्या आहेत हे ऐकून तो खाली बसून रडतो. मग राजाची परवानगी काढून शहरात येतो. आल्या आल्या भाषण करत नाही. कोणालाही न सांगता रात्री बाहेर पडतो आणि पडलेली भिंत स्वतः पाहून येतो. आधी दुःख, मग पाहणी, मग काम, असा हा क्रम आहे.

तिसरा अध्याय वाचताना आपण बहुधा कंटाळतो, कारण त्यात नुसती नावे आहेत. पण ती यादी नीट वाचा. याजक आहेत, सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, व्यापारी आहेत, आणि शल्लूम आपल्या मुलींसह काम करतो आहे. अनेकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. तकोवा गावच्या श्रेष्ठींनी मात्र कामाला खांदा दिला नाही, हेही लेखकाने नोंदवून ठेवले आहे! आणि प्रत्येक नावानंतर पुन्हा पुन्हा येते ते ‘त्याच्या शेजारी अमका’. भिंत बावन्न दिवसांत पुरी झाली, ती या शेजारामुळे. एकाचा तुकडा कितीही पक्का असला, तरी शेजारचा पडका राहिला तर शत्रू आत येणारच.

घाटकोपरची एक गल्ली

आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास आपल्या गल्लीतल्या कचऱ्याचा प्रश्न स्वतः हाती घेतला. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायचा, ओल्याचे खत करायचे, आणि पालिकेच्या विभाग कार्यालयाशी भांडत बसण्याऐवजी नियमित बोलायचे. तक्रार करणारे रहिवासी कामाचे भागीदार झाले. १९९७ पासून महापालिकेने हीच पद्धत ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ या नावाने मुंबईभर नेली. आपण तिला एएलएम म्हणून ओळखतो. काही वर्षांतच अशा शेकडो समित्या झाल्या.

हे आपल्या घरासमोरची भिंत बांधणेच होते. पण पुढे अनेक समित्या थंडावल्या, हेही खरे. चार उत्साही माणसे थकली आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही. शिवाय गल्लीतून निघालेला कचरा कुठेतरी जातच होता. मुलुंडच्या डम्पिंग ग्राउंडच्या शेजाऱ्यांनी तो जवळजवळ पन्नास वर्षे सोसला. ते २०१८ मध्ये बंद झाले. आणि त्या कचऱ्यातून भंगार वेचणारी बाई? तिच्याकडे लक्ष दिले ते स्त्री मुक्ती संघटनेने. १९९८ पासून ‘परिसर विकास’ या कार्यक्रमातून तिने कचरावेचक महिलांना संघटित केले, खत करण्याचे प्रशिक्षण दिले, त्यांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या. गल्लीची स्वच्छता आणि त्या बाईची भाकरी यांची सांगड बसली, तेव्हा शेजारचा तुकडाही बांधला गेला.

कुर्ल्याचे कामगार

दुसरे उदाहरण अधिक कठीण आहे. कुर्ल्याची कमानी ट्यूब्स ही तांब्या-पितळेच्या नळ्या करणारी कंपनी १९८५ मध्ये बंद पडली. सुमारे सहाशे कामगारांचा प्रश्न होता. त्यांनी नुकसानभरपाई मागून घरी जाण्याऐवजी कारखानाच मागितला. त्यांच्या युनियनने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाने १९८८ मध्ये त्यांची योजना मंजूर केली, आणि १९८९ मध्ये कामगारांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा कारखाना पुन्हा सुरू झाला. ज्यांनी पगाराविना वर्षे काढली, त्यांनीच आपली पुंजी त्यात घातली. सुरुवातीला नफाही झाला. देशभरातून लोक पाहायला येत.

पुढे मात्र खेळते भांडवल कमी पडू लागले, आतले मतभेद वाढले, आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात कारखाना पुन्हा अडचणीत आला. ‘कामगारांना धंदा जमत नाही,’ असे म्हणणारे तेव्हा बरेच भेटले. हे म्हणणे बरोबर आहे का?

स्पेनच्या बास्क प्रांतातील मोन्द्रागोन या गावाकडे पाहू. यादवी युद्धानंतर होरपळलेल्या त्या गावात १९४१ मध्ये फादर होसे मारिया अरिझमेंदियारिएता हे तरुण धर्मगुरू आले. त्यांनी कारखाना काढण्याची घाई केली नाही. १९४३ मध्ये आधी तंत्रशाळा काढली. तिच्या विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये पहिला सहकारी कारखाना सुरू केला आणि १९५९ मध्ये या संस्थांची स्वतःची पतपेढी झाली. २०१३ मध्ये त्यांचा घरगुती उपकरणांचा मोठा कारखाना बुडाला, तेव्हा अनेक कामगारांना शेजारच्या सहकारी संस्थांनी सामावून घेतले. तिथेही कारखाना बुडू शकतो. पण माणूस एकटा पडत नाही.

कुर्ल्याच्या कामगारांकडे हिंमत कमी नव्हती. त्यांच्या शेजारी शाळा नव्हती, पतपेढी नव्हती, दुसरा कारखाना नव्हता. त्यांचा तुकडा त्यांनी बांधला. दोन्ही बाजूंची भिंत पडकीच होती. ती बांधण्याची जबाबदारी कोणाची होती? केवळ सरकारची, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

आपला तुकडा

नहेम्याच्या पाचव्या अध्यायात काम चालू असतानाच गरिबांचा आक्रोश ऐकू येतो. शेते गहाण पडली आहेत, मुले गुलामीत जात आहेत, आणि कर्ज देणारे आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्या त्यांना खडसावतो आणि घेतलेले परत करायला लावतो. ज्या भिंतीच्या आत भाऊच भावाला लुबाडतो, ती भिंत कशाचे रक्षण करणार?

आपल्या धर्मग्रामात टर्नर, फिटर, वेल्डर, टूलरूममध्ये हयात घालवलेली माणसे असतील. त्यांच्या हातातली विद्या त्यांच्याबरोबर जाऊ द्यायची का? बारावीनंतर काय करावे हे न कळणारी मुलेही आहेत. या दोघांची भेट सभागृहात एका रविवारी घडवून आणायला फार पैसे लागत नाहीत. नव्या टॉवरमध्ये राहायला आलेले कुटुंब आणि जुन्या चाळीतले कुटुंब एकाच बाकावर बसतात. मिस्सा संपल्यावर ती एकमेकांना ओळखतात का? अभिमान फलकावर लिहून येत नाही. आपण हात लावलेल्या जागेबद्दलच तो वाटतो.

चिंतनासाठी प्रश्न

१. माझ्या घरासमोरचा पडलेला तुकडा कोणता? मी तो कधी नीट पाहिला आहे का?
२. माझ्या शेजारच्या तुकड्यावर कोण एकटा काम करतो आहे?
३. कारखाना बंद पडल्यावर घरी बसलेल्या आपल्या माणसांकडून आपण शेवटचे कधी काही शिकलो?
४. तकोवाच्या श्रेष्ठींप्रमाणे आपण कोणत्या कामाला खांदा द्यायचे टाळतो?

लहान समूहाच्या पुढील बैठकीत नहेम्या, अध्याय ३ आणि ५ एकत्र वाचावेत. नावांची यादी गाळू नये.