पंख्याखालची नोकरी आणि तब्येत

आमच्या पारनेरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात महाविद्यालयात नोकरी लागली म्हणजे माणसाचे भले झाले, असे समजतात. ऊन नाही, नांगर नाही, डोक्यावर पंखा आणि महिन्याला पगार! तरीही माझ्याकडे रक्तदाब, मधुमेह, मानदुखी आणि कंबरदुखी घेऊन येणाऱ्यांत कार्यालयात बसून काम करणारी मंडळी कमी नसतात. एका लिपिकांनी मला विचारले, "डॉक्टर, मी तर काहीच कष्ट करत नाही. मग शरीर बिघडले कशाने?" त्यांच्या प्रश्नातच उत्तर दडलेले होते.

या बाबतीत लंडनमधील एक जुना अभ्यास सर्वांनी माहीत करून घ्यावा असा आहे. डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. तेथील दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटे फाडत जिना चढत-उतरत असे. हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांमध्ये जास्त आढळले. टपाल खात्यातही टेबलावर बसणाऱ्यांपेक्षा पत्रे वाटत फिरणाऱ्या पोस्टमनांची हृदये अधिक सुरक्षित होती. पुढे १९५६ साली मॉरिस यांनीच गणवेशांची मापे तपासून दाखवले की, ड्रायव्हरांची कंबर मुळातच अधिक रुंद होती. म्हणजे सगळे श्रेय हालचालीला देता येत नाही. परंतु त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांनी हालचालीचा फायदा पक्का केला आहे.

आता आपले महाविद्यालय किंवा विद्यापीठाचे कार्यालय डोळ्यांसमोर आणा. फाइल घेऊन या विभागातून त्या विभागात जाणारा शिपाई हा कंडक्टर, आणि लिपिक, लेखापाल, ग्रंथालयातील संगणकावर बसणारे हे ड्रायव्हर. जून-जुलैत प्रवेश, मग परीक्षांचे अर्ज, मग निकाल. पूर्वी कपाटापर्यंत तरी उठावे लागे. आता बहुतेक काम संगणकावर आल्यामुळे तेवढीही हालचाल उरली नाही. प्राध्यापकांचे दुखणे निराळे. तासन्‌तास उभे राहून पाय भरून येतात आणि मोठ्याने बोलून घसा बसतो. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर खडीसाखरेवर न थांबता घशाची तपासणी करून घ्यावी. तंबाखू खाणाऱ्यांनी तर मुळीच टाळाटाळ करू नये.

उपाय काय? प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग ठेवावा. कार्यालय सुटल्यावर चार सहकाऱ्यांनी मिळून मैदानाला फेऱ्या मारल्या तर हे सहज जमते. एकट्याचा नेम मोडतो, चौघांचा टिकतो.

कामाच्या वेळेतही काही गोष्टी करता येतात. दर तासाला दोन-तीन मिनिटे उठावे. शेजारच्या टेबलाचा निरोप फोनवर न देता चालत जाऊन द्यावा. चहापूर्वी पाच मिनिटे सर्वांनी उभे राहून खांदे मागे फिरवावेत, मान हळूहळू दोन्ही बाजूंना वळवावी, टाचा वीस वेळा उचलाव्यात आणि हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठावे-बसावे. संगणकावर पाहताना पापण्या कमी लवतात व डोळे कोरडे पडतात. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर दूरवर पाहावे.

आता चहाचा हिशेब पाहू. एका कपात दोन चमचे म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर धरली, तर पाच कपांत पन्नास ग्रॅम झाली. ही वरची साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत, शक्यतो पंचवीसच्या आत असावी. प्रत्येक पाहुण्याबरोबर चहा घेतलाच पाहिजे, असा काही नियम नाही. भजी-फरसाणाऐवजी डब्यात मोड आलेली मटकी, मूठभर फुटाणे किंवा पेरू आणावा.

भगिनींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टच लिहितो. स्वच्छ स्वच्छतागृह नसल्यामुळे अनेकजणी दिवसभर पाणीच पीत नाहीत व लघवी रोखून धरतात. त्यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो. अशा ठिकाणी योगवर्गाआधी स्वच्छतागृह दुरुस्त करणे, हाच पहिला आरोग्य उपक्रम समजावा.

२१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन २०१५ पासून साजरा होतो. त्या दिवशी सतरंज्या अंथरल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी गुंडाळल्या जातात. त्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस वीस मिनिटे ठेवावीत. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्यांचा हयातभर प्रसार केला ते सूर्यनमस्कार आपल्याला परके नाहीत. मात्र हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

सर्वांत महत्त्वाची आहे ती तपासणी. रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवत नाही. काहींना तो थेट पक्षाघातानंतरच कळतो. तिशीपुढील प्रत्येकाने सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब व साखर तपासावी. तेथे ती मोफत होते. तपासणीपूर्वी अर्धा तास चहा-तंबाखू घेऊ नये व पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून अधिक भरल्यास उपचार टाळू नयेत. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. संस्थेत शिबिर घेतले, तर प्रत्येकाचा निकाल त्याच्याच हाती द्यावा. कोणाला काय आजार आहे, याची चर्चा चहाच्या टेबलावर होऊ लागली की पुढच्या शिबिराला कोणी फिरकत नाही.

कामाचा ताण, कर्ज, घरची काळजी यामुळे झोप उडाली असेल, तर १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

"निवृत्तीनंतर बघू" हे वाक्य मी फार वेळा ऐकतो. निवृत्तिवेतन वेळेवर सुरू होईल. पण ते उपभोगण्यासाठी लागणारे गुडघे, डोळे आणि हृदय आज जपावे लागते. यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. एक रक्तदाब मोजण्याचे यंत्र, एक मोजपट्टी, मोकळे मैदान आणि प्राचार्यांची पाच मिनिटांची परवानगी, एवढ्यावर येत्या सोमवारपासून सुरुवात करता येईल.