अभ्यासपाठ : दिवा दिला, तेलाचे काय?



दोन वर्षांपूर्वी आपल्या वर्गणीतून एका पाड्यावर सौर कंदील वाटले. वाटणाऱ्यांत मीही होतो. यंदा पुन्हा गेलो, तर निम्मे कंदील खुंटीला नुसतेच टांगलेले. बॅटरी गेल्यावर कोणाकडे जायचे, हे आम्ही सांगितलेच नव्हते. “तुम्ही परत याल असं वाटलं होतं,” एक आजी म्हणाल्या. ते शब्द मनातून जाईनात. म्हणून या तिमाहीच्या पाठासाठी मी ऑस्ट्रेलियातील आदिवासी वस्त्यांचा अनुभव निवडला आहे.

तिथला नॉर्दर्न टेरिटरी हा प्रदेश महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा, पण वस्ती अगदी विरळ. आडवळणाच्या अनेक वस्त्यांपर्यंत विजेच्या तारा जातच नाहीत. तिथे डिझेल जनरेटर चालतात. डिझेल दुरून आणावे लागते आणि पावसाळ्यात रस्ते बंद होतात.

ॲलिस स्प्रिंग्जच्या एका आदिवासी संस्थेने २००२ साली ‘बुशलाइट’ हा उपक्रम सुरू केला. पॅनेल बसवण्याआधी कार्यकर्ते घरच्यांबरोबर बसत. वीज कशासाठी हवी, किती हवी, हे घरचेच ठरवत. फ्रिज आणि दिव्यांची जोडणी वेगळी ठेवत. वीज कमी पडू लागली की बाकीची उपकरणे आधी बंद होत, फ्रिज चालू राही. पुढच्या देखभालीची व्यवस्थाही ठरलेली असे. सुमारे दहा वर्षांत शंभराहून अधिक ठिकाणी असे संच बसले.

दुसरे उदाहरण डार्विनच्या दक्षिणेकडील डेली रिव्हरचे. १९५५ साली कॅथलिक मिशन म्हणून वसलेल्या या वस्तीत आज १ मेगावॅटचे सौर पॅनेल आणि मोठी बॅटरी आहे. ऊन चांगले असले की दिवसा डिझेल जनरेटर बंद ठेवता येतो.

पण वीज वस्तीपर्यंत आली म्हणजे घरात टिकली, असे नाही. तिथल्या बऱ्याच घरांत प्रीपेड मीटर आहेत. पैसे संपले की वीज जाते. ‘नेचर एनर्जी’ या नियतकालिकात २०२१ साली आलेल्या अभ्यासानुसार, पाहणी केलेल्या सुमारे ३,३०० घरांपैकी ९१ टक्के घरांची वीज २०१८-१९ या वर्षात एकदा तरी तुटली होती. ७४ टक्के घरांत ती दहाहून अधिक वेळा तुटली. कडक उन्हाळ्यात फ्रिज बंद पडला तर अन्न नासते, मधुमेह्याचे इन्सुलिनही खराब होते.

दहा कुमारींचा दाखला आपल्याला पाठ आहे. दिवे दहाही जणींकडे होते. फरक पडला तो जवळच्या तेलाने. विजेचे तेल म्हणजे बॅटरी, दुरुस्ती, परवडणारा दर आणि वस्तीतलाच शिकलेला हात. आम्ही दिवा दिला आणि फोटो काढून परतलो.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न :

१. आपण दिलेली शेवटची वस्तू आज चालू आहे का? कोणी पाहून आले का?
२. ती देण्याआधी घेणाऱ्यांना काय हवे, हे आपण विचारले होते का?
३. पुढील वर्गणीतील किती भाग दुरुस्तीसाठी आणि पाड्यावरील तरुणांना ते काम शिकवण्यासाठी बाजूला ठेवू?

पुढच्या महिन्यात मी त्याच पाड्यावर जाणार आहे. या वेळी नवे कंदील नेणार नाही. आधी आजींपाशी बसून ऐकणार आहे. सोबत कोण येते?