गळता नळ आणि तीन यम

नव्या बाथरूमची भिंत ओली झाली आणि प्लंबर फोन उचलत नाही. अशा वेळी आपली साधना कुठे असते? पतंजलींच्या पाच यमांपैकी तीन इथे आठवूया.

अहिंसा : आवाज न चढवता त्यांना घरी बोलावून गळती दाखवावी.

सत्य : टाइल्स लावण्याआधी पाइपात दाबाने पाणी भरून तपासले होते का, हे विचारावे. घाई आपणच केली असेल, तर तेही कबूल करावे.

अस्तेय : नीट झालेल्या कामाची मजुरी अडवणे ही चोरीच. दुरुस्तीपुरतेच पैसे राखावेत आणि तसे लिहून द्यावे.

तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. मनात द्वेष न ठेवताही हक्क मागता येतो.

आजचा स्वाध्याय : रागाच्या भरात मी कुणाचे कष्टाचे पैसे अडवले आहेत का?