विहिरीत उतरलेले खत

आमच्या मळ्यातली विहीर आजोबांनी बांधलेली. चाळीस हात खोल. वाटसरू ओंजळभर पाणी प्यायला, की म्हणायचा, "गोड पाणी आहे हो!" आम्हाला त्याचा अभिमान वाटे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही ऊस लावला. शेजारच्याचा ऊस काळाभोर दिसला. मग आम्ही त्याच्यापेक्षा एकरी दोन पोती युरिया जास्त टाकला. मुलांना जन्मभर सांगितले, "दुसऱ्याच्या पाटीत पाहून लिहू नका." आणि शेतात आम्ही तेच केले!

पुढे एके दिवशी पाणी तपासणाऱ्या बाया घरी आल्या. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले. त्यात दर गावी पाच बायांना पाणी तपासायला शिकवायचे ठरले. त्यांच्याजवळ एक पेटी असते. नळीत पाणी घ्यायचे, औषध टाकायचे आणि रंग पाहायचा. आमच्या पाण्याचा रंग गडद आला. त्या बायांतली एक आमचीच विद्यार्थिनी. ती म्हणाली, "गुरुजी, हे पाणी नातवाच्या दुधात घालू नका. आधी बाटली प्रयोगशाळेत पाठवा."

आमच्या सौ. म्हणाल्या, "अगं, मी रोज उकळून देते की!"

"काकू, उकळून जंतू मरतात. हे जंतू नव्हेत."

प्रयोगशाळेचा कागद आला. त्यावर 'नायट्रेट' असा शब्द होता. एक लिटर पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. आमचे त्याच्या बरेच पुढे गेले होते.

हे नायट्रेट येते कुठून? युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. पीक आपल्याला लागेल तेवढे घेते. उरलेल्यातले काही हवेत जाते, काहीचे जमिनीत नायट्रेट होते. ते मिठासारखे पाण्यात विरघळते. पाटाने भरमसाट पाणी दिले किंवा मोठा पाऊस झाला, की ते मुळांच्या खाली जाते आणि झिरपत झिरपत विहिरीला मिळते. त्याला रंग नाही, वास नाही. तुरटी फिरवून ते जात नाही, टीसीएल पावडर टाकूनही जात नाही. पाणी उकळले तर वाफ उडते आणि नायट्रेट मागे राहते; म्हणजे उलट वाढतेच.

मोठ्या माणसाला लगेच काही कळत नाही. भीती असते ती सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. वरच्या दुधात असे पाणी घातले, तर बाळाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. ओठ, नखे निळी पडतात. तसे दिसले तर तडक दवाखाना गाठावा.

एकट्या युरियाला दोष देऊन चालणार नाही. उकिरडा, गोठ्यातले मूत, संडासाचा खड्डा यांतूनही नायट्रेट उतरते. आमचा उकिरडा विहिरीपासून दहा पावलांवर होता!

२०२४ साली केंद्रीय भूजल मंडळाचा अहवाल आला. देशातल्या शंभर नमुन्यांत सुमारे २० नमुने नायट्रेटच्या मर्यादेबाहेर होते. महाराष्ट्रात शंभरात सुमारे ३५.

मग कायदा कुठे आहे, असे तुम्ही विचाराल. कायदा आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने नदीत, ओढ्यात, विहिरीत जाणूनबुजून विषारी घाण सोडायला मनाई केली आहे. कारखान्याच्या नळाच्या तोंडाशी बाटली धरता येते. पण शेताला असे तोंड कुठे आहे? शंभर शेतांचे पाणी जमिनीखाली एक होते. कोणाच्या पोत्यातले खत कोणाच्या विहिरीत आले, कोण सांगणार? १९८५ चा खत नियंत्रण आदेश पोत्यात काय असावे ते पाहतो. एकरात किती पडावे ते पाहत नाही. फवारणीच्या औषधांचे नियम १९७१ चे. रिकामे डबे आणि पंप धुतलेले पाणी यांनी पाणी बिघडता कामा नये, असे त्यांत लिहिले आहे. आमच्याकडे पंप विसळतात तो ओढ्यावरच.

युरोपातल्या देशांनी १९९१ साली नायट्रेटसाठी वेगळा कायदा केला. जिथले पाणी बिघडले आहे, तिथे हेक्टरी किती शेणखत टाकायचे आणि कोणत्या दिवसांत टाकायचे नाही, हे ठरवून दिले. त्यावरून तिथले शेतकरी सरकारशी अजून भांडतात.

आपल्याकडे सरकार एका हाताने युरिया स्वस्त करते आणि दुसऱ्या हाताने विहीर तपासते. पोते स्वस्त असले, तर शेतकरी हात राखून कसा टाकील? हे आम्ही ग्रामसभेत विचारले. लोक हसले. पण ओढ्यावर पंप धुवायचा नाही, एवढे तरी ठरले.

आम्ही माती तपासून घेतली. मृदा आरोग्य पत्रिकेत लिहिले होते तेवढाच युरिया टाकला, तोही तीन वेळा विभागून. उकिरडा उताराच्या खालच्या अंगाला नेला. ऊस काळाभोर दिसला नाही; वजनात मात्र फारसा मागे राहिला नाही.

विहीर काही एका वर्षात सुधारत नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा आम्ही बाटली पाठवतो. आकडा उतरतो आहे, पण अजून ४५ च्या वरच आहे. नातवाचे पाणी सौ. गावच्या टाकीवरून आणतात. त्या टाकीचा तपासणीचा कागद त्यांनी ग्रामपंचायतीत जाऊन स्वतः वाचला आहे.