चौदावे रत्न

"ऐकत नाहीस? थांब, चौदावे रत्न दाखवतो!" असे आपण पोरांना दटावतो. रत्न म्हणजे मोलाची वस्तू. पण इथे रत्न म्हणजे मार. असे कसे झाले?

गोष्ट पुराणातली आहे. देव आणि दानव यांनी समुद्र घुसळला. आपण ताक घुसळतो, तसाच. मंदार पर्वताची रवी केली. वासुकी नागाची दोरी केली. त्यातून चौदा रत्ने निघाली. लक्ष्मी, चंद्र, कामधेनू, ऐरावत हत्ती ही त्यांतलीच. विषही निघाले. लग्नात म्हणतात त्या एका मंगलाष्टकात ही चौदा नावे ओळीने येतात. त्यात चौदावे नाव आहे अमृत!

म्हणजे चौदावे रत्न माणसाला जगवणारे. लोकांनी थट्टेने ते नाव माराला दिले. सारे उपाय थकले, की शेवटचे हे रत्न काढायचे, असा त्यातला भाव.

पण ज्याच्या पाठीवर पडते, त्याला ती थट्टा वाटत नाही. आपल्या डहाणू-तलासरी भागाला हे सांगायला नको. पूर्वी लग्नासाठी कर्ज काढले, की माणूस सावकाराचा 'लग्नगडी' होई. नवरा-बायको दोघे वर्षानुवर्षे फुकट राबत. कुरकुर केली तर चाबूक! २३ मे १९४५ रोजी तलासरीकडील झरी गावी हजारो वारली जमले. शामराव व गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. यापुढे वेठ करायची नाही, असे सर्वांनी ठरवले. पुढे १९७६ साली वेठबिगारी बंद करणारा कायदा देशभर झाला.

शाळेतली छडीही कायद्याने बंद आहे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. शाळेत मुलाला मारायला बंदी आली.

आम्हीही मास्तर होतो. पाढा येईना म्हणून एका पोराला आम्ही छडी मारली. पाढा काही आला नाही. पोरगा मात्र शाळेला येईनासा झाला. ते आम्हाला अजून सलते.

तेव्हा बाबांनो, बायांनो, पोर चुकले तर जवळ बसवा. आता तुम्हालाही वाचता येते. त्याच्याबरोबर पुस्तक उघडा. पाठीला चाबूक काय असतो, हे आपल्या वाडवडिलांनी सोसले. पोरांना तो नको.

सांगा पाहू :
१. मंगलाष्टकात चौदावे रत्न कोणते?
२. लग्नगडी कोणाला म्हणत?
३. झरी गावी लोकांनी काय ठरवले?