घरोट कुणी गाळलं?

बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांचा मुलगा सोपानदेव नि घरच्यांनी टिपून ठेवली, म्हणून 1952 साली त्यांचं पुस्तक होऊ शकलं. पण वहीत चाल उतरत नाही. दळताना ओव्या म्हणणाऱ्या खान्देशी बायांचा आवाज बऱ्याच घरांत एखाद्या जुन्या कॅसेटवरच उरला आहे. ती कॅसेट कुणाच्या हाती द्यायची, हे नीट ठरवायला हवं.

प्रस्तुत लेखकाने अमळनेरकडच्या आपल्या आजीच्या अहिराणी ओव्यांची कॅसेट धुळ्यातल्या एका दुकानात दिली. 'वेव्ह फाइल हवी, आवाज साफ करू नये' असं पावतीवर लिहून घेतलं. ती पावती आजही जपलेली आहे. हाती आली एमपीथ्री. घरी लावली, तर आजी ओवी म्हणते आहे आणि खाली घरोटच, म्हणजे जात्याची घरघरच, नाही! बांगड्यांची किणकिण बोथट. दोन ओळींच्या मधे, घास टाकायला ती थांबायची तिथे, पाण्यात बुडबुडे फुटावेत तसा आवाज.

'ऐकू येतंय ना? खरखर काढायचे लोक वरून पैसे देतात,' दुकानदार म्हणाला. मूळ फाइल? 'जागा अडते, डिलीट केली.' कॅसेटची फीत त्याच्याच डेकमध्ये अडकून तुटलेली.

हे टाळता आलं असतं. खरखर काढणाऱ्या नॉइज रिडक्शनला सहसा गोंगाटाचा नमुना दाखवावा लागतो. मग तसा आवाज ते सगळीकडून दाबतं. घरोटाची अखंड घरघर त्याच्या लेखी गोंगाटच.

एमपीथ्रीचं दुखणं वेगळं. सीडीच्या दर्जाची स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे 10 एमबी घेते, 128 केबीपीएसची एमपीथ्री जेमतेम 1. कानाला जाणवणार नाही असं समजून बाकीचं टाकून दिलेलं असतं. तीच फाइल उघडून, कापून पुन्हा एमपीथ्रीत सेव्ह केली की आणखी जातं. नंतर वेव्ह केली तर आकार फुगतो, गेलेलं परतत नाही.

म्हणून मूळ प्रत 48 किलोहर्ट्झ, 24 बिटची वेव्ह. ध्वनिसंग्रहालयांची किमान शिफारस तीच आहे. जागा कमी असेल तर फ्लॅक: आकार साधारण निम्मा, आवाज जसाच्या तसा. काटछाट नकलेवर, ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये. एमपीथ्री अगदी शेवटी, एकदाच. रेकॉर्डिंगची पातळी शून्य डेसिबलला टेकू देऊ नये, फाटलेला आवाज शिवता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून. कॅसेट देण्याआधी तिच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे टॅब तोडावेत, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. प्रती दोन घरांत ठेवाव्यात.

आणि पैसे द्यायचे ते दुकानातच हेडफोन लावून, फाइल शेवटपर्यंत ऐकल्यावर. दुकानदार कितीही घाई करो.